सभा संपल्याची नोंद नाही

ग्रामसेवक म्हणजे तलाठी नव्हे. हे आधीच सांगून टाकतो, कारण नाशिकला कुठल्याही लग्नात माझी ओळख करून दिली की समोरचा माणूस जेवणाचं ताट हातात धरूनच सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीची अडचण सांगू लागतो. सातबारा तलाठ्याकडे. माझ्याकडे जन्म-मृत्यू, घरपट्टी, पाणीपट्टी, गटारं, दिवाबत्ती आणि ग्रामसभा. गावात आम्हा दोघांनाही ‘भाऊसाहेब’च म्हणतात. त्यामुळे एकाच्या वाट्याच्या शिव्या दुसऱ्याला खाव्या लागतात.

बाकीची कामं समजायला सोपी आहेत, ग्रामसभा तेवढी समजावून सांगावी लागते. गावातला प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद असतो. त्यासाठी निवडून यावं लागत नाही, कोणाची ओळख लागत नाही. शहरात तुमच्या गल्लीत काय होणार हे नगरसेवक ठरवतो आणि तुम्हाला ते खोदकाम सुरू झाल्यावर कळतं. खेड्यात मात्र शेवंती पिकवणारी बाई भर सभेत उठून सरपंचाला जाब विचारू शकते. कायदा असं म्हणतो. नव्वदनंतर राज्यघटनेत दुरुस्ती झाली, पंचायतीत बायकांना राखीव जागा आल्या, ग्रामसभेचे अधिकार वाढले. आम्हाला प्रशिक्षणाला बोलावून हे सगळं फळ्यावर लिहून शिकवलं. मी ते मनापासून उतरवून घेतलं. मग चहाच्या सुट्टीत व्हरांड्यात जुन्या सहकाऱ्यांनी दुसरं प्रशिक्षण दिलं. माणसं न जमवता ग्रामसभा कशी घ्यायची, याचं.

ती विद्या अशी. सभेची दवंडी द्यावी लागते. दवंडी कुठे, किती वाजता, किती मोठ्याने, हे कोणी विचारत नाही. आमच्या नाशिक भागात निम्मं गाव गावठाणात राहतच नाही. भाजी आणि फुलं पिकवणारी कुटुंबं आपापल्या मळ्यांत राहतात, कोणी मैलभर लांब, कोणी नाल्यापलीकडे. तेव्हा भर दुपारी मारुतीच्या देवळापासून चावडीपर्यंत हलगी वाजवत एक फेरी मारली की दवंडी झाली. शंभर माणसं जमली नाहीत की सभा तहकूब करायची. तहकूब झालेली सभा थोड्या वेळाने पुन्हा भरवली की तिला माणसांच्या संख्येची अट नाही. पारावर पत्ते खेळत बसलेल्यांना हाक मारली तरी भागतं. आणि विषयपत्रिकेच्या शेवटी एक ओळ कायम छापलेली असते, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. ही ओळ म्हणजे घराचं मागचं दार. जे पुढच्या दाराने आणण्यासारखं नसतं, ते इथून आत येतं.

मी या विद्येत वाकबगार होतो. फुशारकी म्हणून सांगत नाही. पण मला नोकरीत जी शिक्षा झाली ती या पापासाठी झाली नाही. ती त्याच्या नेमक्या उलट गोष्टीसाठी झाली, आणि तिच्याबद्दल मला तिळभर पश्चात्ताप नाही. हे एकदा लिहून ठेवायचं होतं. नोकरी अजून काही वर्षं शिल्लक आहे. साहेब लोक दिवाळी अंक वाचत असतील तर त्यांनीही वाचावं.

गाव सिन्नरच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून एकमेकांच्या लग्नाला जातात. सरपंचांना सगळे आप्पा म्हणत. आप्पा वाईट माणूस नव्हता. गावात नळ त्याने आणला. मी बदलून आलो तेव्हा मला खोली त्यानेच बघून दिली आणि पहिले आठ दिवस डबाही त्याच्या घरून आला. त्याचा स्वभाव असा की गावाचं भलं त्याला खरोखर हवं असायचं, फक्त ते गावाला विचारून करायचं असतं हे त्याला कधी पटलं नाही. पोरांना औषध पाजताना कोणी मतदान घेतं का, असं तो म्हणायचा.

त्या गावच्या सभेचं एक कायमचं गिऱ्हाईक होतं, सखारामबाबा. हाडं उरलेला म्हातारा, डोक्याला मुंडासं, हातात काठी. प्रत्येक ग्रामसभेत शेवटी तो उठायचा आणि एकच प्रश्न विचारायचा. “पाणवठ्यावरची दगडी डोण कुठं गेली?” गुरांना पाणी प्यायला एकाच दगडात कोरलेली डोण, त्याच्या आज्याने घडवलेली. नळ आले, पाणवठा बुजला आणि डोण नाहीशी झाली. ती कुठे गेली हे अख्ख्या गावाला माहीत होतं, मलाही अंदाज होता. तरी मी दर वेळी तेच वाक्य लिहायचो, ‘माहिती घेऊन कळविण्यात येईल’. बाबा उठला की पोरं आधीच तोंडातल्या तोंडात त्याच्याबरोबर प्रश्न म्हणायची. मीही हसलो आहे.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. सव्वीस जानेवारीची ग्रामसभा होती. आदल्या आठवड्यात आप्पाने मला घरी बोलावून सांगितलं की त्याच्या व्याह्यांना गावाच्या हद्दीत डोंगराच्या पायथ्याशी खडी क्रशर टाकायचा आहे, पंचायतीचा ना हरकत दाखला लागेल, सभेपुढे आलं की झालं. पायथ्याला लागूनच पिंपळमळा. तिथली घरं शेवंती, झेंडू, गुलाब लावतात आणि पहाटे नाशिकच्या फुलबाजारात नेतात. मी विचारलं, मळेकरी काय म्हणतील? आप्पा हसून म्हणाला, त्यांना सांगितलं तर म्हणतील ना.

दगडूबाबा आमचा दवंडीवाला. त्याला मी नेहमीची वाट सांगितली. देऊळ ते चावडी, दुपारी. सकाळी झेंडावंदन झालं, पोरांना बिस्किटं वाटली, माणसं पांगली. सभा तहकूब. मग पारावरची मंडळी गोळा करून ती पुन्हा भरवली. आयत्या वेळच्या विषयांत क्रशरचा ठराव आला, सर्वानुमते मंजूर झाला. सखारामबाबाने डोणीचं विचारलं. मी शेवटी नेहमीची ओळ लिहिली, ‘अध्यक्षांचे आभार मानून सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले’. इतकी वर्षं मी ही ओळ लिहीत आलो होतो. सभेत काय झालं हे लिहिण्याआधीसुद्धा ती लिहून ठेवायचो.

पाडव्याच्या आधी यंत्रं आली आणि चाचणीसाठी क्रशर चालू झाला. दोनच दिवसांनी हिराबाई ग्रामपंचायतीत आली. पिंपळमळ्यातली, चाळिशीची, नवरा पाठीच्या दुखण्याने घरी. मळा तीच सांभाळायची. तिने ओच्यातली फुलं माझ्या टेबलावर ओतली.

“भाऊसाहेब, हे शेवंतीचं फूल हाय. रंग सांगा.”

मी पांढरा म्हणालो.

“पिवळी शेवंती हाय ही,” ती म्हणाली.

तिने एक फूल तळहातावर आपटलं. पिठासारखी भुकटी उडाली आणि आतून पिवळा रंग दिसला. मग तिने मला फुलाचं शास्त्र सांगितलं, जे त्या गावात इतकी वर्षं राहून मला ठाऊक नव्हतं. फूल धुता येत नाही. धुतलं की दुपारपर्यंत काळं पडतं. बाजारातला व्यापारी मूठभर फुलं हातावर आपटून बघतो, धूळ निघाली की टोपलं बाजूला सारतो आणि पुढच्याला बोलावतो. पाडव्याचा बाजार असा गेला, तर दसऱ्यासाठी लावायला बी कुठल्या पैशाने आणायचं, ते मी सांगावं.

तिने विचारलं, “हे कुठल्या सभेत ठरलं?”

“जानेवारीच्या. दवंडी दिली होती.”

“कुठं दिली?”

“गावात.”

“मग आम्ही कुठले?” ती म्हणाली.

तिने फुलं टेबलावरच टाकली आणि निघून गेली. शिपायाने ती झाडायला फडकं आणलं, मी नको म्हणालो. त्या दिवशी मी घरी गेल्यावर बायकोने विचारलं, चेहऱ्याला काय झालंय. मी क्रशरची धूळ म्हणालो. ते खोटंही नव्हतं.

पुढची ग्रामसभा एक मेची. हिराबाईने अर्ज दिला की क्रशरचा विषय विषयपत्रिकेवर घ्या. आप्पाने घेतला नाही. त्याने मला एवढंच सांगितलं की या वेळीही दवंडी नेहमीसारखीच होऊ दे. वरचे एक साहेब होते, त्यांचा माझ्यावर जीव होता. तेही म्हणाले, “सभा तहकूब झाली तर बरं. नाहीतर पेठलाही माणसं लागतात, हवा छान आहे तिथली.” पेठ म्हणजे आमच्या जिल्ह्याचं डोंगराळ टोक. ज्याच्यावर साहेब रागावतात त्याला तिथे जागा रिकामी होते. डोंगरातल्या माणसांना शिक्षा झालेले ग्रामसेवकच का पाठवायचे, हा प्रश्न तेव्हा मलाही सुचला नव्हता.

मी दगडूबाबाला बोलावलं आणि म्हणालो, या वेळी मळ्यांतून फिरायचं. सगळ्या मळ्यांतून.

दगडूबाबाने हलगी खाली ठेवली. “पंधरा वर्षं झाली मळ्याच्या वाटा सोडून,” तो म्हणाला. “तिथली कुत्री वळखत नाय मला आता. पाय मोडला तर पंचायत भरून देणार का?”

पण ही बातमी त्याच्याआधीच मळ्यात पोचली होती. संध्याकाळी हनीफभाई टेम्पो घेऊन दारात उभा. हनीफभाई सगळ्या मळ्यांची फुलं-भाजी नाशिकला नेणारा. त्याची बायको शकिलाबी राखीव जागेवरून पंचायतीची सदस्य झाली होती, पण मासिक सभेला नेहमी हनीफभाईच यायचा. वही सहीला घरी पाठवायची आणि सही होऊन परत आणायची, ही आमची पद्धत. त्यातही माझा हात होताच. तर हनीफभाईच्या टेम्पोत, रिकाम्या करंड्यांच्या मधे उभा राहून दगडूबाबाने दवंडी दिली. टेम्पो प्रत्येक मळ्याच्या बांधाला थांबला. पिंपळमळ्यात तर बायका म्हणाल्या, बाबा, पुन्हा द्या, जानेवारीचीही देऊन टाका. दगडूबाबाने पुन्हा दिली.

एक मेला सकाळपासून ऊन तापलं होतं. मारुतीच्या देवळापुढचा लिंब भरला, सावली संपली, माणसं भिंतीला लागून उभी राहिली. बायका एका बाजूला, फुलं तोडून तशाच आलेल्या, बोटं पिवळी. आप्पा आला तेव्हा गर्दी बघून क्षणभर थबकला, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. मी त्याचं जेवण जेवलेला माणूस होतो, तेवढंच त्या नजरेत होतं. मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

विषयपत्रिका भराभर संपली. बाकी विषय काय होते ते मला आज आठवत नाही. शेवटच्या ओळीपाशी सखारामबाबा काठी टेकून उठला, पोरं हसायला तयार झाली. बाबा म्हणाला, “आज माझं मागं राहू द्या. आधी हिराचं घ्या.” आणि खाली बसला. कोणीच हसलं नाही.

हिराबाई उभी राहिली. “आयत्या वेळचा विषय हाय, आप्पा. क्रशरचा.”

आप्पा म्हणाला, “त्याला अध्यक्षाची परवानगी लागते. माझी नाय.”

“जानेवारीत कशी होती मग?”

आप्पा उठला. विषय संपले, असं म्हणून त्याने टोपी नीट केली. उपसरपंचही त्याच्यामागे उठला. जाताजाता आप्पा मला म्हणाला, “भाऊसाहेब, वही मिटा.” आणि दोघं चालू लागले.

माझ्या हातात पेन होतं. आभाराची ओळ लिहायची, वही मिटायची, एवढंच काम. आठ शब्दांत सगळं मिटलं असतं. हिराबाईने सगळ्यांच्या देखत विचारलं, “भाऊसाहेब, अध्यक्ष उठून गेला म्हंजे सभा मेली का?”

मी कायद्याचं पुस्तक पिशवीतून काढलं. खरं सांगायचं तर नियम मला पाठ नव्हता, पानं उलटून शोधावा लागला. सरपंच आणि उपसरपंच दोघंही नसतील तर हजर असलेल्यांनी पंचायतीच्या एका सदस्याला अध्यक्ष करून काम चालवावं, असा मी त्याचा अर्थ लावला आणि उभा राहून मोठ्याने सांगितला. अर्थ मी लावला, हे लक्षात ठेवा. पुढे त्याच्यावरूनच माझी चौकशी झाली. पण त्या दिवशी मला दुसरा अर्थ दिसत नव्हता, आणि आजही दिसत नाही.

सदस्य शोधू लागले. आप्पाच्या बाजूचे त्याच्याबरोबर गेले होते. बायकांच्या रांगेच्या टोकाला शकिलाबी बसली होती. कोणीतरी म्हणालं, भाभीला बसवा. हनीफभाई पुढे झाला. “मी हाय ना. मीच तर बसतो नेहमी.”

शकिलाबी पदर सावरत उठली. “तुम्ही टेम्पो बघा,” ती म्हणाली.

असा हशा त्या पाराने पूर्वी ऐकला नसेल. हनीफभाईही हसला, बिचारा. शकिलाबी लोखंडी खुर्चीवर बसली. तिचं पहिलं वाक्य होतं, “पुढचे जरा सरका, मागच्यांना दिसत नाय.” दुसरं वाक्य होतं, “काय विषय हाय तो एकदा मोठ्यानं सांगा. मळ्यातल्यांनी अजून ऐकला नाय.”

लोक एकजुटीने एका बाजूला होते असं मात्र समजू नका. गावठाणातला एक पोरगा उठला आणि म्हणाला, आयटीआय करून दोन वर्षं घरी बसलोय, सिन्नरच्या कारखान्यांत ओळखीशिवाय घेत नाहीत, क्रशरवर काम मिळेल ते तुम्ही घालवताय. त्याचं बोलणं खरं होतं. मागून कोणी त्याला खाली बस म्हणालं, तर शकिलाबीने थांबवलं. त्याचं पुरं होऊ द्या, असं ती म्हणाली. हिराबाईने त्याला उत्तर दिलं. तुला काम पाहिजे ते बरोबर हाय, पण माझ्या मळ्यात फुलं तोडायला तुझी मावशी येती, तिला विचार. धूळ आली तर ती कुठं जाईल? हात वर करायची वेळ आली तेव्हा पोरग्याने हात क्रशरच्या बाजूने वर केला, आणि मी तो मोजला. तेवढा मान त्या पोराचा होता.

बाकी हात मोजायचे म्हणजे वेळ लागला. मी जन्मात पहिल्यांदा ग्रामसभेत हात मोजत होतो. आधी सगळं ‘सर्वानुमते’ असायचं. ना हरकत रद्द झाली.

मी ठराव लिहून काढत होतो, तेवढ्यात काठीचा आवाज आला.

“आता माझं,” सखारामबाबा म्हणाला. “डोण कुठं गेली?”

माझा हात सवयीने ‘माहिती घेऊन’ लिहायला सरसावला. पण शकिलाबीने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने लोकांना विचारलं, “डोण कुठं हाय, हे इथं कोणाला माहीत हाय?”

पंधरा वर्षं ज्या गोष्टीवर अख्खं गाव हसत आलं होतं, तिचं उत्तर द्यायला एक तोंड उघडेना. मग मागून दगडूबाबा खाकरला. गावाला ऐकू जाईल असं बोलणं हा त्याचा धंदाच.

“आप्पाच्या गोठ्यात.”

“मग चला,” शकिलाबी म्हणाली आणि उठली.

सगळी सभा तिच्यामागे निघाली. मीही निघालो, वही काखेत, पेन उघडं. सभा जिथे जाईल तिथे सचिवाने जायला हवं, असं मी मनाला सांगितलं. आप्पा बनियनवर बाहेर आला. गोठ्यात त्याची म्हैस त्या डोणीत तोंड घालून पाणी पीत होती. एवढी माणसं बघून तिने मान वर केली.

आप्पा म्हणाला, “मी जपून ठेवली होती.”

“लय जपली,” हिराबाई म्हणाली. “आता आम्ही जपतो.”

म्हशीचं पाणी पिऊन होईपर्यंत सगळे थांबले. त्यानंतर आठ-दहा जणांनी डोण उचलून टेम्पोत चढवली. आप्पाने अडवलं नाही. उलट, दगड टेम्पोच्या फाळक्यावर घासायला लागला तेव्हा तोच ओरडला की खाली गोणपाट घाला, चीर जाईल. सखारामबाबा टेम्पोत डोणीशेजारी बसला आणि पाणवठ्याकडे गेला. माणसं तिथूनच आपापल्या मळ्यांकडे वळली. कोणी कोणाचे आभार मानले नाहीत. कोणी काही जाहीर केलं नाही. मी घरी येऊन जे घडलं ते क्रमाने लिहिलं. टेम्पोपर्यंत लिहिलं आणि पेन ठेवलं. शेवटची ओळ राहिली, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत ती ओळ मी विसरलो असेन, तर त्या एकदाच.

पुढचं थोडक्यात सांगतो. क्रशरवाल्यांनी तक्रार केली, प्रकरण जिल्ह्याला गेलं, नाशिकला सुनावणी झाली. हिराबाई आणि मंडळी टेम्पोनेच आली. साहेबांनी निकाल दिला की वाद नको, आमच्या अधिकाऱ्यासमोर पुन्हा ग्रामसभा घ्या. पुन्हा सभा झाली, पुन्हा मळे आले, पुन्हा तेच ठरलं. क्रशर उठून दुसऱ्या तालुक्यात गेला. तिथल्या दवंडीचं काय झालं, ते मला माहीत नाही. ती टोचणी वेगळीच आहे.

माझी मात्र खातेनिहाय चौकशी लागली. आरोप तीन. नियमाचा चुकीचा अर्थ लावून अध्यक्ष निवडू दिला. पूर्वसूचना नसलेला विषय सभेत येऊ दिला. आणि तिसरा, इतिवृत्तात सभा संपल्याची नोंद नाही.

मी चौकशी अधिकाऱ्यांना म्हणालो, साहेब, खरा आरोप राहिला आहे. जानेवारीची दवंडी मी मळ्यांना ऐकू जाणार नाही अशी द्यायला लावली, आणि पूर्वसूचना नसलेला विषय तेव्हाही आला होता. ते शांतपणे म्हणाले, “तो या चौकशीचा विषय नाही.”

“मग आयत्या वेळचा म्हणून घ्या, साहेब,” मी म्हणालो.

टंकलेखकाचा हात थांबला, त्याला हसू आवरेना. साहेब हसले नाहीत. जुनं पाप कबूल करायला गेलो, तर ते नोंदवून घ्यायला सरकारकडे रकानाच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या सभेला कोणी आलं नाही तिचे कागद चोख होते. ज्या सभेला गाव आलं तिच्यात तीन दोष.

जेवणाच्या सुट्टीत, माझ्यावर जीव असलेले ते जुने साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, वेडेपणा करू नको. ती शेवटची ओळ आत्ता लिहून टाक, खाली जागा आहे, शाई कोण तपासतंय. तिसरा आरोप गेला की बाकीचे दोन मी सांभाळतो.

वही माझ्यापुढे होती. जागा खरोखरच होती. एक ओळ मावेल एवढी.

दुपारी चौकशीच्या साहेबांनी विचारलं, “ही नोंद का नाही?”

मी म्हणालो, “सभा संपली नव्हती, साहेब.”

मला पेठ मिळालं, आणि एक वेतनवाढ गेली. बायको पहिले दोन महिने बोलली नाही, आणि मग सामान बांधू लागली. पेठला जाऊन मी आजारी पडेन, असं सगळ्यांना वाटलं होतं. तिथे पाडे इतके विखुरलेले की चावडीपुढे हलगी वाजवली तर ती फक्त चावडीला ऐकू येते. पहिल्याच सभेच्या आधी मी प्रत्येक पाड्यावर चालत गेलो. तिथली भाषा मला निम्मी कळायची. एका म्हातारीने मला बसवून नागलीची भाकर दिली आणि विचारलं की आतापर्यंतचे भाऊसाहेब का आले नाहीत. त्यांच्या वतीने आणि माझ्या वतीने मी मान खाली घातली. सभेला मात्र मान वर होती.

मागच्या वर्षी नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, फुलबाजारात हिराबाई भेटली. आता ती पंचायतीची सदस्य आहे, चष्मा लागलाय. सखारामबाबा गेला, असं तिने सांगितलं. मी विचारलं, डोण मिळाल्यावर बाबा सभेत काय विचारायचा? ती म्हणाली, “तुमची बदली झाली त्याच्या पुढच्याच सभेत उठला, म्हणे पाणवठ्यावरचं चिंचेचं झाड कोणी तोडलं? मरेस्तोवर तेच विचारत होता.” आता बाबाच्या नावाने ते कोण विचारतं, तर क्रशरवर काम मागणारा तो पोरगा. नवीन सरपंच वैतागतो, तुमच्यामुळे सभा संपतच नाही म्हणतो.

मला वाटलं, ती माझ्याबद्दल काहीतरी बरं बोलेल. माणसाची हाव कुठे जाते? तिने पिवळ्या शेवंतीचं टोपलं माझ्याकडे सरकवलं, एक मूठ उचलून माझ्या तळहातावर आपटली. हात स्वच्छ राहिला.

“ती जानेवारीची दवंडी मात्र आमच्या कानाला अजून आली नाय, भाऊसाहेब,” ती म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

बरोबर बोलली. ते ओझं माझं आहे, मी ते कोणाकडे देणार नाही. पण एक मेच्या सभेची ती वही आजही कुठल्यातरी कपाटात असेल. तिच्यात टेम्पोच्या ओळीखाली एक ओळ मावेल एवढी जागा आहे. कोणीही साहेब येऊ दे, ती मी भरणार नाही.